पाऊण वास गेला कुठे?

तांदळाचा दाणा नीट पाहिला तर त्याची दोन टोकं सारखी नसतात. एक टोक निमुळतं आणि गुळगुळीत असतं. दुसऱ्या टोकाला, जरा कडेला, एक बारीकशी खाच असते, मुंगीने चावा घेतल्यासारखी. ताटातल्या भातात ही खाच कुणी पाहत नाही. पण चार्वीच्या तळहातावरचा दाणा गिरणीत गेलेला नव्हता, तिने तो आत्ताच नखाने सोलला होता. त्यामुळे खाचेत जे असायला हवं ते अजून जागेवर होतं. तो एक पिवळसर ठिपका होता, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा.

चार्वीने दाणा नाकाजवळ नेला. वास आला नाही. कच्च्या दाण्याला तसा तो येतही नाही. तिने दाणा वाटीत टाकला आणि पुढचा सोलायला घेतला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चार्वी दरवर्षी शिरखारला हर्षदा आत्याकडे येई. शिरखार हे खाडीकाठचं गाव. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली, आणि मध्ये मातीचा बांध. चार्वीचे बाबा लहान असताना हा बांध माणसाच्या खांद्याएवढा होता म्हणे. समुद्र वर चढत गेला तसा बांधही वाढवावा लागला, आणि आता त्यावर जायला पायऱ्या होत्या. बांधाने पाणी अडलं, पण खार अडला नाही. तो जमिनीतून झिरपत शेतात आला, आणि गावाचं जुनं भात एकेका शेतातून उठत गेलं.

त्या भाताचं नाव केवडसाळ. ते चुलीवर शिजत असलं की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचं. चार्वीला तो वास पक्का आठवत होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आत्या अंगणातल्या कुंड्यांत, नळाच्या गोड्या पाण्यावर केवडसाळेची थोडी रोपं जगवत असे. मग एका पावसाळ्यानंतर त्यांचं सगळं बी उंदरांनी फस्त केलं. गावातल्या दुसऱ्या कुणाकडे ते उरलेलं नव्हतं. बीजकेंद्राकडेही नव्हतं, कारण ते असं संपेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आता सगळं गाव खारतेज लावत असे. खारतेज खाऱ्या जमिनीत ताठ उभं राहायचं, लवकर पिकायचं, भरपूर यायचं. त्याला वास मात्र अजिबात नव्हता.

पण उंदरांनी डल्ला मारण्याआधी आत्याने एक काम करून ठेवलं होतं. बीजकेंद्राच्या शिबिरात शिकल्याप्रमाणे तिने खारतेजची काही फुलं चिमट्याने उघडली, त्यांचे पुंकेसर काढून टाकले आणि त्यांवर केवडसाळेचे परागकण झटकले. म्हणजे तिने दोन भातांचा संकर केला (दोन वेगळ्या वाणांपासून एक संतती मिळवणं). त्यातून मिळालेले चार दाणे तिने पुढच्या पावसाळ्यात शेताच्या कडेला लावले. रोपं खारात छान वाढली. पण पानं चुरगाळली तर वास नाही. आत्याने सुगीला त्यांची साळ एका डब्यात भरली, मूठभर कांडून शिजवून पाहिली, आणि झाकण उघडल्यावर अगदी पुसटसा, आहे की नाही असा वास आला.

तोच डबा आत्याने आज दुपारी चार्वीपुढे आणून ठेवला होता.

“एवढं सोलून ठेव गं. उद्या पेज करू.”

“याची पेज? आत्या, हे तर तुझं बियाणं ना!”

“कसलं बियाणं! पाणी घातलेलं दूध आहे ते. वास होता तो पातळ झाला. आणखी एकदा लावलं तर आणखी पातळ होईल.” आत्या पदराने कपाळ पुसत आत निघून गेली.

वाटी जेमतेम तळापुरती भरली असेल, तोच फाटकाशी टकटक झाली. मोरूकाका आले होते. मोरूकाका म्हणजे गावाच्या बंधारा संस्थेचे चिटणीस. ते पुढे, आणि त्यांच्यामागून लांब पाय टाकत बगळा.

बगळा हा खरा पक्षी नव्हता. संस्थेने यंदाच आणलेला तो यंत्रमानव होता. चिखलात रुतू नयेत असे पसरट पंजे, पाठीवर सूर्यप्रकाशातून वीज घेणारे पांढरे पंख, आणि पाण्यातला खार मोजायला लांब चोच. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बगळा ठेवलं, आणि त्यानेही ते हरकत न घेता मान्य केलं.

“हर्षदा, अगो, आहेस का घरात?” मोरूकाकांनी हाक दिली. “संध्याकाळी बैठक आहे. यंदा काय लावतेस ते तेवढं सांग. गावातल्या सगळ्यांनी सांगितलं. एकटी तू राहिलीस.”

“बघू, मोरूदादा,” आत्या दारातून म्हणाली.

“झालं! गेल्या वर्षी बघू, यंदा बघू. तुझ्या या ‘बघू’चंच पीक यायला लागलं तर गाव पोटभर जेवेल.”

आत्या हसली. मोरूकाका पायरीवर टेकले. “हे बघ, मला काही नाही. खारतेजची पिशवी तुझ्या नावाने काढून ठेवलीय. संध्याकाळपर्यंत काही बोलली नाहीस तर तीच देतो. ठीक?”

“ठीक,” आत्या म्हणाली, पण ते ‘ठीक’ चार्वीला काही ठीक वाटलं नाही.

मोरूकाका पुढच्या घरी गेले. बगळा मात्र अंगणातच थांबला, कारण विहिरीचं पाणी मोजायचं होतं. आत्याही उघाडीला तेल घालायला बांधाकडे गेली. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. पावसाळाभर तो बंद ठेवून गाव भात घेई. भात कापून झालं की दरवाजा उघडायचा, खाडीचं पाणी शेतात घ्यायचं आणि त्याबरोबर येणारी कोळंबी वाढवायची. उघाडीची देखभाल गावाने आत्याकडे दिली होती. भरती-ओहोटी तिच्याइतकी कुणाला कळत नव्हती.

“बगळ्या, आत्या सांगत का नाही रे? होय तरी म्हणावं, नाहीतर नाही तरी.”

बगळ्याने विहिरीतून चोच वर काढली. “केवडसाळ गरवं भात होतं. म्हणजे उशिरा पिकणारं. खारतेज हळवं आहे, लवकर पिकतं. हर्षदाताईंनी केवडसाळेचं काहीही लावलं तर त्यांचं भात उभं असताना बाकीची शेतं रिकामी झालेली असतील. उघाडी उघडली तर त्यांचं भात खाऱ्या पाण्यात जाईल. न उघडली तर सगळ्यांची कोळंबी अडेल. त्यांना गावाला थांबा म्हणावं लागेल.”

चार्वीला ते पटलं. आत्या सगळ्यांच्या मदतीला धावायची, पण शेजारून विरजण मागून आणायलासुद्धा ती चार्वीलाच पाठवायची.

“आणि मागून उपयोग काय? वासच पातळ झालाय. बाबांचं आणि आईचं मिसळलं की अर्धं-अर्धं होणारच ना? लाल रंगात पांढरा घातला की गुलाबी. गुलाबीतून परत लाल कसा काढणार?”

“बाबांचं आणि आईचं तुझ्यात अर्धं-अर्धं मिसळलं आहे का?” बगळ्याने विचारलं.

चार्वीने विचार केला. तिची जीभ नळीसारखी वळायची. आईची वळायची, बाबांची नाही. जीभ अर्धवट वळते असं काही नव्हतं. पण तिची उंची मात्र दोघांच्या मधलीच होणार असं सगळे म्हणायचे.

“काही मधलं होतं. काही नाही होत.”

“उत्तम निरीक्षण. जीभ आणि उंची या दोन्हींत बरेच घटक असतात, तो विषय मोठा आहे. आपण तांदळाचं पाहू. तो पुसट वास तू घेतला होतास?”

“हो, दिवाळीत आले होते तेव्हाच आत्याने भात शिजवला होता. अगदी…” चार्वी थांबली. त्या वासासारखं काहीतरी तिला आठवत होतं. तसा पुसट वास तिने आधीही घेतला होता. कुठे बरं? मग एकदम आठवलं. “पाहुणे आले की आत्या काय करायची माहितेय? केवडसाळ थोडीच असायची ना. मग साध्या तांदळाच्या आधणात ती मूठभर केवडसाळ टाकायची. सगळ्या भाताला थोडा थोडा वास लागायचा. अगदी तस्साच वास होता तो!”

“मग मला सांग,” बगळा म्हणाला, “एका पातेल्यात पातळ दूध आहे. दुसऱ्या पातेल्यात साधे तांदूळ आणि त्यात मूठभर वासाचे. झाकण उघडलं की दोन्हीकडे पुसटच वास. फरक कसा ओळखशील?”

चार्वी वाटीतल्या तांदळाकडे पाहत राहिली.

“पातळ दुधाचा कुठलाही थेंब चाखला तरी पातळच लागणार,” ती हळूहळू म्हणाली. “पण मिसळलेल्या तांदळातला एकेक दाणा चाखला तर… काही दाण्यांना वास असणारच नाही. आणि काहींना पूर्ण असेल!”

“मग चाखून बघ.”

“तू बघ ना. तुझ्याकडे यंत्र आहे.”

“खार मोजायचं आहे. वासाचं नाही. या अंगणात नाक आणि जीभ फक्त तुझ्याकडे आहे.”

चार्वीने चूळ भरली आणि एक दाणा तोंडात टाकून समोरच्या दातांनी चावला. पिठूळ. वास नाही. चूळ. दुसरा दाणा. काही नाही. चूळ. तिसऱ्यालाही नाही. चौथ्याला तिला क्षणभर वाटलं, पण नाही, ते नुसतंच वाटणं होतं. तिला मध्येच सोडून द्यावंसं वाटलं. सहावा दाणा तिने चावला आणि ती चावता चावता थांबली.

जिभेवरून, घशाच्या मागून, नाकात वर चढत गेला तो वास. पुसट नाही, पातळ नाही. सगळाच्या सगळा.

“बगळ्या! केवडसाळ!” ती ओरडली, आणि त्या गडबडीत दाणा गिळूनही बसली.

“दोन वर्षांत सापडलेला केवडसाळेच्या वासाचा पहिला दाणा,” बगळा म्हणाला, “आणि तू तो खाल्लास.”

चार्वीचा चेहरा एवढासा झाला. “आता रे? ज्याला वास आहे तो कळायला चावावाच लागणार. आणि चावला की पेरणार काय?”

“दाणा मला दे. त्याचं ते खाचेचं टोक पाहिलंस का? त्या ठिपक्यात पुढचं रोप झोपलेलं असतं, त्याला भ्रूण म्हणतात (बीमधलं इवलंसं, न वाढलेलं रोप). बाकीचा पांढरा भाग म्हणजे त्याची शिदोरी. मी शिदोरीचं अर्धं टोक कापून देतो. ते तू चाव. खाचेचा अर्धा तुकडा ओल्या कापसावर ठेवू. शिदोरी थोडी कमी पडेल, पण काळजी घेतली तर रोप उगवतं.”

त्याच्या चोचीत कणसांचे नमुने घ्यायची नाजूक कात्री होती. कच्, कच्, दाण्याचे दोन तुकडे व्हायला लागले. अर्धा चार्वीच्या तोंडात, अर्धा कापसावर. वास आला की कापसाच्या डाव्या बाजूला, नाही आला की उजव्या. मध्ये मध्ये चूळ, आणि जीभ थकली की थोडी विश्रांती. चाळीस दाणे होईपर्यंत विहिरीजवळची सावली अंगणभर पसरली होती. डावीकडे अकरा तुकडे होते.

“चाळीसात अकरा,” चार्वी म्हणाली. “साधारण चारात एक. पण बगळ्या, हे झालं कसं? रोपांच्या पानांना तर वासच नव्हता. मग त्यांच्या दाण्यांत तो आला कुठून?”

“चिंचोके आहेत का घरात?”

चिंचोके नाहीत असं घर शिरखारमध्ये नव्हतं. मुलं ते मधोमध फोडून फाशांसारखे वापरायची. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू काळसर असते आणि दुसरी पांढरी. चार्वी मूठभर घेऊन आली. त्यात अख्खे होते, फोडलेलेही होते.

“प्रत्येक सजीवाच्या पेशींत सूचना असतात,” बगळा सांगू लागला. “शरीरात काय कसं बनवायचं याच्या. अशा एका सूचनेला जनुक म्हणतात (गुण ठरवणारा, आई-वडिलांकडून मुलांकडे जाणारा पेशीतला भाग). आणि प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आता गंमत ऐक. वासाचा पदार्थ थोडाफार प्रत्येक भातात तयार व्हायला लागतो. पण साध्या भातात सफाईची एक सूचना असते. ती म्हणते, याचा कच्चा माल साठू देऊ नका, उचलून दुसरीकडे लावा. म्हणून वास उरत नाही. केवडसाळेत ही सूचना मोडकी होती.”

“म्हणजे केवडसाळेला वास होता तो काहीतरी बिघडल्यामुळे?”

“सफाई होत नसल्यामुळे.”

चार्वीला हसू आलं. “माझ्या खोलीसारखं!”

“मी तुझी खोली मोजलेली नाही,” बगळा म्हणाला. “आता समज, काळी बाजू म्हणजे सफाईची चांगली प्रत आणि पांढरी म्हणजे मोडकी. खारतेजकडे दोन्ही प्रती काळ्या. केवडसाळेकडे दोन्ही पांढऱ्या. आत्यांनी त्यांचा संकर केला. त्या रोपांना कोणत्या प्रती मिळाल्या?”

“खारतेजकडून एक काळी. केवडसाळेकडून एक पांढरी.”

“अंगण झाडायला दोन माणसं असली किंवा एक असला, तरी अंगण झाडलं जातंच. एक काळी प्रत असली तरी सफाई होते. म्हणून त्या रोपांना वास नव्हता. जी प्रत एकटी असली तरी आपलं काम दाखवते तिला प्रभावी म्हणतात. जी दुसरी तशीच असल्याशिवाय दिसत नाही ती अप्रभावी. पण दिसत नाही म्हणजे नाहीशी झाली असं नाही. विरघळलीही नाही. ती जशीच्या तशी आत आहे.”

त्याने चोचीने फोडलेले दोन चिंचोके पुढे ढकलले. “रोप म्हणजे हा फोडलेला चिंचोका. एक बाजू काळी, एक पांढरी. पण दाणा तयार होताना रोप दोन्ही प्रती देत नाही. एकच देतं. कोणती, हे नशिबावर. भाताचं फूल बहुधा स्वतःच्याच परागकणांनी फळतं, म्हणून इथे आईही तेच रोप आणि वडीलही तेच. दोन चिंचोके टाक.”

चार्वीने टाकले. काळा आणि काळा.

“वास नाही. पुन्हा टाक.”

काळा, पांढरा.

“वास नाही, पण मोडकी प्रत लपलेली आहे. पुन्हा.”

पांढरा, काळा. मग पुन्हा काळा, पांढरा. चार्वी अधीर होऊन टाकत राहिली, आणि मग दोन्ही पांढऱ्या बाजू वर करून चिंचोके पडले.

“वास!” ती म्हणाली. मग बोटांवर मोजत पुटपुटली, “काळा-काळा, काळा-पांढरा, पांढरा-काळा, पांढरा-पांढरा. चारच तऱ्हा. त्यातली एकच वासाची. म्हणून चारात एक! पण मग चाळीसात दहा यायला हवे होते. अकरा का?”

“दहा वेळा टाकून मोजून बघ, चिंचोके तुझा हिशेब पाळतात का. थोड्या खेळांत ते इकडेतिकडे जातात. हजारो वेळा टाकले की चारात एकच्या जवळ येऊन बसतात.”

चार्वी डावीकडच्या अकरा तुकड्यांकडे पाहत होती. एक प्रश्न तिला टोचत होता. “यातलं रोप वाढलं, त्याचे दाणे आले, की परत चारात एक? मग त्यातल्याही चारात एक? दरवेळी चावत बसायचं?”

“तूच सांग. या दाण्यात दोन्ही प्रती कोणत्या आहेत?”

“दोन्ही पांढऱ्या… म्हणजे याच्याकडे द्यायला काळी नाहीच!” ती उठून उभीच राहिली. “याची मुलं वासाचीच. नातवंडंही वासाचीच. आत्या! आत्या!”

आत्या उघाडीवरून परत येतच होती. चार्वीने एका श्वासात सगळं सांगितलं. दूध, आधण, चिंचोके, सफाई, गिळलेला दाणा. आत्याला त्यातलं निम्मं कळलं असेल. ती म्हणाली, “अगो, तुला वास हवाय म्हणून येतोय.”

“मग तू चाव. मी सांगणार नाही कुठला ते.”

बगळ्याने डाव्या बाजूच्या एका तुकड्याची शिदोरी आणखी जराशी खरवडली, आणि उजव्या बाजूच्या चार तुकड्यांचीही. आत्याने डोळे मिटून एकेक जिभेवर घेतला. नाही. नाही. नाही. मग ती पायरीवर बसली. डोळे मिटलेलेच होते.

“हाच,” ती शेवटी म्हणाली. एवढंच.

मग तिने डोळे उघडले आणि बगळ्याकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता, उघाडीच्या फळ्या तपासताना असतो तसा. “वास आहे हे कबूल. पण ही अकरा रोपं खारात उभी राहतील का?”

“सगळी नाही, हर्षदाताई. खार सोसणं एका जोडीवर ठरत नाही, पुष्कळ जोड्यांवर ठरतं. यातली काही खारतेजसारखी कणखर निघतील, काही केवडसाळेसारखी नाजूक, बरीचशी मधली. पिकायचा काळही तसाच, काही लवकर पिकतील, काही उशिरा. कोणतं कसं, हे आधी सांगता येणार नाही. शेतात लावूनच कळेल.”

“म्हणजे माझ्या तुकड्यात यंदा काय पिकेल, किती पिकेल, कधी पिकेल, सगळंच अंधारात.”

“होय. पण जी टिकतील त्यांचं बी पुढच्या वर्षी लावायचं. त्यातली चांगली त्याच्या पुढच्या वर्षी. दाणे पुष्कळ असले तर एखादा असाही निघू शकेल की ज्याला वास आहे, खार सोसतो, आणि लवकरही पिकतो. मग कुणालाच कुणासाठी थांबावं लागणार नाही. पण त्याला काही वर्षं लागतील. आणि यंदा सुरुवात केली नाही, तर हे बी या दमट हवेत फार काळ जिवंत राहणार नाही.”

“गावातली सगळी मुलं चावतील, आत्या!” चार्वी म्हणाली. “डबाभर दाणे आहेत. रोज थोडे थोडे. मी शिकवते त्यांना. फक्त गिळायचं नाही.”

आत्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. चार्वी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ती सांगेल, आता सांगेल.

“बघू,” आत्या म्हणाली.

बैठक बांधावरच्या संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. ओहोटी लागली होती, आणि खाडीवरून गार वारा येत होता. गाव जमलं, चहा झाला. चार्वी आत्याच्या शेजारी, ओल्या कापसाची बशी मांडीवर घेऊन बसली होती. कापसावर तिने दोनदा पाणी शिंपडलं होतं. गरज नव्हती, पण हात स्वस्थ बसत नव्हते.

“हे काय गं, घरचा फराळ?” मोरूकाकांनी विचारलं.

“काका, दोन कण चावून बघाल?”

“अगो, माझे दात माझे नाहीत.” पण त्यांनी हात पुढे केला. बगळ्याने शिदोरीतून खरवडून दिलेल्या कणांपैकी तिने आधी उजवीकडचा दिला. मोरूकाकांनी चावला आणि खांदे उडवले. “तांदूळ आहे. मग?”

“आता हा. याचाच भाऊ आहे तो.”

मोरूकाकांनी दुसरा चावला. त्यांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी थबकलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग बशीकडे, मग पुन्हा आत्याकडे. “हर्षदा,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “ही आपल्या आयांच्या हातची… हे कुठून आणलंस?”

“होतंच ते,” आत्या म्हणाली. “आपल्याला दिसत नव्हतं.”

तेवढ्यात कामाला सुरुवात झाली. बगळा एकेका घराचं नाव घेई, आणि त्या घरातलं कुणीतरी म्हणे, खारतेज. खारतेज. खारतेज. मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, सगळ्यांचं एकच आहे तर नावं कशाला घेता, जेवायला जाऊ द्या. हसणं झालं. मग कोळंबीचा विषय निघाला, व्यापारी लवकर येणार आहे, उघाडी वेळेवर उघडायला हवी वगैरे. आत्या खाली मान घालून ऐकत होती. चार्वीने तिच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर घट्ट मिटलेला होता.

“घरत, हर्षदा,” बगळा म्हणाला.

शेड शांत झालं, कारण पुढचा शब्द सगळ्यांना माहीत होता. पहिल्या रांगेतल्या दोन पोरांनी तर तो हळूच म्हणूनही टाकला, “बघू,” आणि त्यांच्या आईने त्यांना चापटी दिली. मोरूकाकांनी खारतेजच्या पिशवीकडे हात नेला, पण उचलली नाही. तेही आत्याकडेच पाहत होते.

आत्या उठून उभी राहिली. बैठकीत ती कधी उभी राहत नसे.

“यंदा माझ्या शेतात केवडसाळेचं बी लागणार,” ती म्हणाली. “आणि माझं भात कापून होईपर्यंत उघाडी बंद राहील. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी थांबावं, असं मी मागते आहे.”